आपसातलं

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
शेडच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात ‘नाचणे स्प्रिंग्ज’,
शेवटचं अक्षर अर्धं उडालेलं.
आत दत्ताराम नाचणे, खिशात दोन पेनं आणि एक व्हर्नियर,
आणि मी, बेलापूरहून आलेली
एकावन्न टक्क्यांची हिशेबनीस.

“बाई, एकावन्न म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?”
मला वाटलं थट्टा करतायत.
ते कॉइलिंग मशीनकडे बघत होते.
म्हटलं, तसं मोजत नाहीत.
मशीन अख्खं आमच्या ताळेबंदात येतं,
मोटर, चौथरा, तेलाचा डाग,
रघू ऑपरेटर आणि त्याची ग्रॅच्युइटीसुद्धा.
मग खाली एका ओळीत
तुमचे एकोणपन्नास वेगळे दाखवतो.
“खाली,” ते म्हणाले.
आणि चहा सांगितला.

दोन कोटी चार लाख दिले आम्ही.
त्याच भावाने उरलेल्याचे एक कोटी शहाण्णव.
मिळून चार.
गाळा, मशिनं, तारेची बंडलं, येणी, बँकेतली शिल्लक,
त्यातून देणी वजा जाता दोन कोटी पासष्ट.
मग एक कोटी पस्तीस लाखांचं आम्ही काय घेतलं?
त्याला गुडविल म्हणतात.
म्हणजे रात्री साडेदहाला भोसरीहून फोन,
नाचणे, लाईन थांबलीये,
आणि ह्यांचं लेंग्यावरच येऊन कुलूप काढणं.
दर मार्चला बघायचं, ते आटलंय का.
लेंगा कसा तपासायचा
हे मानकात दिलेलं नाही.

स्प्रिंगांचे खोके येतात रबाळ्याहून,
फरीदा दळवींच्या कारखान्यातून, बावीस वर्षं.
त्यांचेही एकावन्न आम्ही जूनमध्ये घेतले.
आता दोघं एका घरचे
आणि घरातल्या घरात विक्री धरत नाहीत.
अठरा लाख बेचाळीस हजार सहाशे
तिकडच्या विक्रीतून वजा,
इकडच्या खरेदीतून वजा,
विटाव्याच्या पुलाखाली तासभर अडकलेला टेंपो
कुठेच नाही.

शेडमध्ये अकराशे चाळीस खोके पडून, घडीसुद्धा न उलगडलेले.
खोक्यामागे फरीदाबाईंचे चार रुपये.
चार हजार पाचशे साठ.
मी फोन केला, हा नफा अजून झालेला नाही म्हणून.
“झाला की,” त्या म्हणाल्या,
“मी त्याची खळ आणली गेल्या आठवड्यात.”

अडलं ते सहाशेला.
ह्यांच्या वहीत त्यांचं देणं तीन लाख बारा हजार.
त्यांच्या वहीत ह्यांच्याकडचं येणं
तीन लाख अकरा हजार चारशे.
पंधरा वर्षं मी खाती जुळवतेय.
फरक असतोच, जो तो आपल्याकडे ओढतो.
हा उलटा होता.

“पंधरा खोके टेंपोत भिजले,” फरीदाबाई.
“भिजक्या मालाचे पैसे मी घेत नाही.”
“टेंपोत कुठे? माझ्या दारात, उतरवताना.
रघूला उशीर झाला. ते माझेच.” नाचणे.
कुठल्या साली, मी विचारलं.
दोघांनी वेगवेगळी सालं सांगितली,
दोघांनी ठासून.

साहेब म्हणाले, सहाशे? नगण्य. कुठेही टाक.
कुठेही म्हणजे
ह्यांना हरवून किंवा त्यांना.

मी एक ओळ वाढवली.
नाव: भिजलेले खोके. रक्कम: सहाशे.
शेरा: पुढच्या मार्चला बघू.
ऑडिटर विचारतील.
विचारोत.

निघताना नाचण्यांनी पुडीत बांधून
करंगळीएवढी एक स्प्रिंग दिली, नमुना म्हणून.
बिल मागितलं तर म्हणाले,
अहो, आता घरातलंच ना?
ती पर्समध्ये आहे, किल्ल्यांबरोबर.
मोजणीत एक कमी भरेल.